लाखोळीची नवी जात

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याबद्दल सरकार मला पगार देत होतं. तीस वर्षं मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले. लोक ज्या पिठाची भजी तळून खातात ते पीठ मी परीक्षानळीत घालून तापवत असे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण खोड गेली नाही. कुणाकडे जेवायला गेले की आधी वरणाचा रंग बघते आणि मग वाढणारीचं तोंड. पाकिटावर ‘शुद्ध’ असं जितक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तितका मला आतल्या मालाचा जास्त संशय येतो. हल्ली ‘शुद्ध’ची जागा ‘पर्यावरणपूरक’ या शब्दानं घेतली आहे. अक्षरं मात्र तेवढीच मोठी आहेत.

माझ्या घरात हा शब्द माझ्या मुलीनं आणला. ती अन्नतंत्र शिकलेली. पुण्याला एका बिस्किटांच्या कारखान्यात पाच वर्षं नोकरी केली आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन परत आली. म्हणाली, ‘‘आता माझं स्वतःचं काहीतरी करणार.’’ मला वाटलं, लग्नाचं म्हणते आहे. ती डाळीचं म्हणत होती, आणि डाळ कोणती, तर लाखोळी.

लाखोळी ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. हे तुरीच्या, हरभऱ्याच्या नात्यातलं गरीब कडधान्य. बोलताना आम्ही लाखोरी म्हणतो. दाणा मळकट, पाचरीच्या आकाराचा. पण भरडून डाळ केली आणि तुरीच्या डाळीत मिसळली, तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. भिवापूरकडे, भंडाऱ्याकडे धान उभं असतानाच त्याच्या चिखलात हे बी फेकून देतात. नांगर नको, खत नको, वेगळं पाणी नको. धान कापलं की उरलेल्या ओलीवर हे पीक आपलं आपण वाढतं. माझ्या मुलीच्या मते हे उद्याचं अन्न. माझ्या मते ही भेसळ. कारण या डाळीत एक विष असतं, आणि जो महिनोन् महिने तीच खात राहतो त्याचे पाय कायमचे जाऊ शकतात. तिच्या विक्रीवर आपल्याकडे अनेक वर्षं बंदी होती, आणि बेसनात ती लपून आली आहे का हे पाहणं माझं काम होतं. पिठावर पातळ आम्ल घालायचं, नळी गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायची. गुलाबी रंग आला की लाखोळी. कितीतरी दुकानदारांनी माझ्यासमोर हात जोडले असतील. मी एकालाही सोडलं नाही.

त्यात कर्तव्य किती होतं आणि घरचा राग किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. माझ्या आईचा थोरला भाऊ, माझा मामा, लाखोळीनं अधू झाला होता. भिवापूरजवळच्या आईच्या माहेरच्या गावात ज्या घराला अजूनही मालगुजाराचं घर म्हणतात, त्या जमीनदाराकडे तो सालगडी होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, त्यानं नऊ वर्षांच्या माझ्या आईला नागपूरला आणलं होतं. ती चालून थकली की तो तिला खांद्यावर घ्यायचा. पुढं चार-पाच वर्षांत त्याचे पाय एकमेकांत अडकू लागले. मला आठवतो तो दोन काठ्यांवर, पायाच्या बोटांवर सरकत चालणारा माणूस. आई एवढंच सांगायची, ‘‘लाखोरीनं पाय नेले त्याचे.’’ त्या एका वाक्यामुळे मी रसायनशास्त्राकडे वळले, असं मी माझ्या निरोपसमारंभात सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला ते भाषण आवडलंही होतं.

आणि माझीच लेक माझ्याच डायनिंग टेबलावर लाखोळीच्या पिठाचं पाकीट ठेवून म्हणाली, ‘‘आई, ही जुनी नाही. नवी जात आहे. हिच्यात विष जवळजवळ नाहीच.’’

माझी आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, ‘‘जात बदलली म्हंते का?’’

‘‘हाव, आजी.’’

‘‘मंग लोक मानतात का?’’

मुलगी हसली, मीही हसले. आई वाटाणे सोलत राहिली. आमच्या घरात या शब्दावर थट्टा करायचा हक्क तिचा एकटीचा आहे, कारण त्याचा त्रास तिनं सगळ्यांत जास्त सोसला आहे.

मी मुलीकडून कागद मागितले. तिनं बियाणं कुठून घेतलं, कुणी तपासलं, विषाचं प्रमाण किती निघालं, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. फाइल नीटनेटकी होती, त्यामुळे माझा संशय वाढला. तपासायला दिलेला नमुना आणि पाकिटात भरलेला माल एकच असतो, असं मी तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं आहे. शिवाय नव्या आणि जुन्या लाखोळीचा दाणा डोळ्यांना सारखाच दिसतो. शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जुनी असेल तर दोन हंगामांत बी मिसळून जाईल. हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं शांतपणे उत्तरं दिली. दरवर्षी बी बदलणार, शेजारची बांधी कुणाची आहे ते पाहणार, प्रत्येक पोत्याचा नमुना पाठवणार. उत्तर तयार असणारी माणसं मला प्रयोगशाळेतही आवडत नसत.

‘‘हरभऱ्याचं बेसन काय वाईट आहे?’’ मी म्हणाले.

‘‘त्याला दोनदा पाणी लागतं आणि तीनदा फवारणी. लाखोरीला काही लागत नाही. तुला हे पटत नाही की पटवून घ्यायचं नाही?’’

दुसरं खरं होतं. पण मी ताकास तूर लागू दिली नाही.

तिचा बेत असा होता. लाखोळीच्या पिठाच्या पाटोड्या, म्हणजे मसालेदार वड्या, करायच्या, वाळवून पाकिटात भरायच्या, म्हणजे शहरातल्या माणसाला घरी नुसता तर्रीदार रस्सा करून त्यात सोडता येतील. लाखोळी पेरायला आणि पाटोड्या करायला तिनं अकरा बाया शोधल्या होत्या, त्याही आईच्याच माहेरच्या गावातल्या. बाया तयार होत्या, पण त्यांनी एक अट घातली. ‘तुह्या मायनं आमच्यासमोर खाल्ली, तं पेरू.’

ही अट माझ्याच करणीचं फळ होतं. नोकरीत असताना मी एकदा त्या गावच्या शाळेत व्याख्यान द्यायला गेले होते. मंचावर परीक्षानळी गुलाबी करून दाखवली आणि बायांना बजावलं, ही डाळ घरात आणू नका. त्यांनी ऐकलं. गावात लाखोळी पेरणं बंद झालं. आता तीच बाई येऊन स्वतः खाते का, हे त्यांना पाहायचं होतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. बांधीतलं पाणी आटायच्या आत बी पडायला हवं होतं. फार तर दोन आठवडे उरले होते. हा हंगाम हुकला की मुलीला वर्षभर थांबावं लागणार होतं आणि तेवढा धीर तिच्याकडे उरला नव्हता. पुण्याहून कारखान्याचे फोन येत होते. ती गच्चीवर जाऊन ते घ्यायची आणि खाली आली की उगाच भांडी आवरायची. मी ‘नाही’ म्हटलं तर ती परत जाईल, हे मला कळत होतं. आणि ‘हो’ म्हटलं आणि एखाद्या घरात एखाद्याचे पाय गेले तर? मामाच्या त्या दोन काठ्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी तपासणी काढते.

सीताबर्डीच्या एका दुकानातून मी आम्लाची छोटी बाटली आणली. दुपारी मुलगी बाहेर गेल्यावर तिचं पीठ एका काचेच्या पेल्यात घेतलं, आम्ल घातलं, पेला गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि घड्याळ लावून बसले. बारा मिनिटं झाली असतील. मुलगी दुचाकीची किल्ली विसरली म्हणून परत आली. तिनं पातेलं पाहिलं, पेला पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

‘‘आई, काय करून राहिली तू?’’

तोवर पेल्यातलं पाणी छान गुलाबी झालं होतं.

‘‘पाकिटावर मोठ्या अक्षरांत लाखोळी लिहिलंय,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तू शोधून काय काढलंस, तर लाखोळी.’’

तिचं बरोबर होतं. ही चाचणी डाळीचं नाव सांगते. तिच्यात विष किती, ती निरुपद्रवी आहे की नाही, याबद्दल चाचणी मुकी आहे. जुन्या जातीलाही तोच रंग, नव्या जातीलाही तोच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, परीक्षेतही मी ते लिहिलं होतं. तरी पेला तापवत बसले, कारण दुसरं काही करायला मला येत नव्हतं. मुलीनं किल्ली उचलली आणि जाताना दार जरा जोरात ओढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. आई स्वयंपाकघरात ते पाकीट उघडून उभी होती. तिनं चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं, बराच वेळ तशीच राहिली. मी आलेली दिसताच तिनं हात झटकले आणि नळाखाली धुतले. मला वाटलं, तिला मामा आठवला, किळस आली. मी मुलीला सांगितलं, ‘‘आजीसमोर ते पाकीट ठेवत जाऊ नकोस.’’ मुलीनं पाकीट उचलून आपल्या खोलीत नेलं.

शेवटी मी गावाला जायला कबूल झाले. खाईन असं म्हटलं नाही, येईन म्हटलं. निघताना आई चपला घालून दारात उभी. ‘‘मीबी येतो,’’ म्हणाली. तिचे गुडघे दुखतात, उमरेडच्या रस्त्यानं दीड-दोन तास बसवत नाही, हे सगळं सांगून झालं. ती गाडीत जाऊन बसली.

गावात ज्या बाईच्या घरी जमायचं होतं तिच्या अंगणात मांडव होता. बाई सत्तरीची, अकराजणींत थोरली, माझ्या आईला ओळखणारी. मुलीनं तिच्याच चुलीवर पाटोडीचा रस्सा केला. भिवापुरी मिरचीचा लाल तवंग आला होता आणि वास असा सुटला होता की मला स्वतःचा राग आला. बाया चटईवर ओळीनं बसल्या. माझ्यापुढे ताटली आली, तिच्यात रस्सा आणि चार पाटोड्या. मी एक तुकडा मोडला. आतून रंग पाहिला, बोटांत चुरून पाहिला, वास घेतला.

‘‘खाता का हुंगता, बाई?’’ थोरली म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मी तुकडा उचलला तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘थांब.’’ सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. नातीला विचारलं, ‘‘या बायाईले मजुरी काय देशीन वं?’’

मुलीचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी ती वाटच पाहत होती. ‘‘आजी, पिकलेली लाखोरी मी रोखीनं विकत घेईन. आणि दळणं, पाटोड्या करणं, वाळवणं, या कामाची मजुरी अर्धी रोख आणि अर्ध्याचं हेच पीठ. म्हणजे घराघरात प्रोटीन जाईल. लेकरांच्या पोटात जाईल.’’

मुलीनं बायांशी करायचा हा करार मी आधीच वाचला होता. बियाण्याच्या कलमावर मी सात प्रश्न काढले होते. या कलमातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या आणि ‘हे छान सुचलं तुला’ असं म्हटलं होतं.

मग थोरली हळूच म्हणाली, ‘‘माह्या सासूले असंच भेटे.’’

‘‘माह्या भावालेबी,’’ आई म्हणाली. ‘‘मालगुजाराच्या घरीबी लाखोरी खात होते. वडे करत, पाल्याची भाजी करत. पुसा इले, तिकडं कोणाचे पाय गेले का?’’

थोरलीनं मान हलवली. ‘‘एकाचेबी नाही.’’

‘‘त्यायच्या ताटात भात होता, तूर होती, दूध होतं. माह्या भावाले मजुरीत नुसती लाखोरी. गोठ्यात राहे तो. सकाळी तिचीच भाकर, संध्याकाळी तिच्याच घुगऱ्या. दोन साल धान बुडालं, तं दोन साल तेच. आम्ही घरी मासोळी, रानभाजी, काहीबाही खात होतो, म्हणून वाचलो.’’

मी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. ‘‘तू तर नेहमी म्हणत होतीस, लाखोरीनं पाय नेले.’’

‘‘मंग काय म्हणू? मालगुजारानं नेले म्हणू? त्याच्याच वावरात काम होतं आपलं.’’

‘‘पण मला सांगायचं ना नंतर. इतकी वर्षं झाली.’’

‘‘तुले नोकरीच त्या दाळीवर लागली होती,’’ आई म्हणाली. ‘‘मी काहून बोलू?’’

बाया हसल्या. वाईट हेतूनं नाही हसल्या, वाक्यच तसं होतं. पण मला ते आजही बोचतं. तीस वर्षांत माझ्या टेबलावर किती पुड्या आल्या असतील. ती डाळ कुणाच्या ताटात जाते आणि त्या ताटात दुसरं काय असतं, हे विचारायला नमुन्याच्या अर्जात रकाना नव्हता, म्हणून मी विचारलं नाही. आईला विचारायला तर अर्जही लागत नव्हता. ती रोज माझ्या घरात वाटाणे सोलत होती. मला लाज वाटली, आणि बायांसमोर वाटली.

मुलीचे डोळे भरले होते. ‘‘आजी, मी मालगुजार नाही.’’

‘‘नाही ना. म्हणून तं तुले पुसून राहिलो. त्याले कोण पुसे?’’

मुलीनं करार मांडीवर घेतला. मग तिनं पर्समधून पेन काढलं, ते कलम खोडलं आणि वरती लिहिलं, पूर्ण मजुरी रोख. खाली सही केली. थोरलीनं कागद माझ्याकडे दिला. ‘‘तुम्ही वाचून दाखवा, बाई.’’ मी वाचला. ‘‘पुन्हा वाचा,’’ ती म्हणाली. मी पुन्हा वाचला. त्या बाईला माझ्यापेक्षा चांगला संशय घेता येत होता, आणि तो योग्य जागी घेता येत होता.

मग मी बोलायचं ते बोलले. ही डाळ खाता येते. एकटी खाऊ नका, रोज खाऊ नका. बी मिसळू देऊ नका. दरवर्षी मी स्वतः येऊन पोती पाहीन, आणि संशय आला तर बंद करा म्हणेन, मग पोटची पोर असो की कुणी. बायांनी माना हलवल्या. मी तुकडा तोंडात टाकला. त्यात काहीतरी खोट काढावी असं फार वाटत होतं, पण पाटोडी चांगली झाली होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दुसरी पाटोडी घेतली, तेव्हा कुठं तिनं नजर हटवली.

‘‘पेरू मंग,’’ थोरली म्हणाली.

आईनं माझी ताटली आपल्याकडे ओढली आणि थोरलीला म्हणाली, ‘‘भात आन वं, बाई. आन हिरवी भाजी असंन तं तेबी.’’ थोरलीनं घरातून भात आणला, चवळीची भाजी आणली. आईनं भातात रस्सा कालवला, पाटोडी कुस्करली आणि जेवू लागली. ती सावकाश जेवते, पण त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

‘‘साठ वर्षांत खाल्ली नव्हती,’’ ती म्हणाली. ‘‘वास आला होता घरी. मले लय आवडे हे.’’

मी विचारलं, ‘‘आणि मामाला?’’

आईनं तोंडातला घास संपवला.

‘‘त्यालेबी आवडे,’’ ती म्हणाली. ‘‘भात असला तं.’’